चिंचोक्यांच्या बाजूला

"...आन् साठाव्या वर्षी येसाबाईला परत कावळा शिवला!"

एवढं म्हणून मी हातोडी खाली ठेवली आणि गप्प बसले. गोष्टीत कुठं थांबायचं ते मला उपजत कळतं. चिंचा फोडत बसलेल्या वीस बायांचे हात जागच्या जागी थांबले.

"म्हंजे? पाळी आली?" रेश्मानं विचारलं. ती आमच्यात सगळ्यात धाकटी, लग्नाला चार वर्षं झालेली.

"आली की. आन् एकटी न्हाई आली, तरणपण संगं घिऊन आली. महिन्याभरात केस काळेभोर. दुसऱ्या महिन्यात तोंडात नवं दात, कराकरा सुपारी फोडायची. तिसऱ्या महिन्यात म्हातारा रानातनं आला, बायकोला बघून दारातच थांबला आन् म्हणला, 'पोरी, घरात कुणी मोठं माणूस हाय का?'"

शेडचे पत्रे हादरतील असं हसू उठलं. एकीला ठसका लागला. एकजण म्हणाली, "हौसामावशी, तू थापा मारून मारून एक दिवस नरकात जाशील."

"जाईन की. तिथं बी गोष्टी ऐकाया बाया लागत्यातच."

सगळ्या हसल्या, फक्त केरा हसली नाही. केराबाई माझी शेजारीण. आमच्या दोन घरांची भिंत एक. माझ्याच वयाची, साठीच्या अलीकडची, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. दिवसभरात बोललेले तिचे शब्द ओंजळीत मावावेत इतकी कमी बोलणारी. ती गराकडं बघतच म्हणाली, "मग फुडं काय झालं तिचं?"

"फुडं काय? म्हाताऱ्यानं तिच्याशी दुसऱ्यांदा लगीन लावलं."

"तसं न्हवं. तिला दुखत हुतं का?"

"गोष्टीत कुणाला दुखतंय व्हय, केरे? देवाशपथ खरी गोष्ट हाय, घे." हे मी प्रत्येक गोष्टीला म्हणायचे. केरानं मान हलवली आणि पुढची चिंच उचलली.

ह्याला बारा वर्षं झाली. बार्शीच्या बाजूचं आमचं गाव. फाल्गुन लागला की चिंचेची पोती येऊन पडायची, ती थेट वैशाखापर्यंत. टरफल काढायचं, हातोडीनं ठोकून चिंचोका उडवायचा, शिरा ओढायच्या. हाताला काम, तोंड मोकळं. म्हणून तर माझं तिथं राज्य होतं.

त्या शेडात एक रीत होती. एका अंगाला गर, दुसऱ्या अंगाला चिंचोक्यांचा ढीग. जिला पाळी आली असेल तिनं गराला शिवायचं नाही, शिवलं तर गर काळा पडतो म्हणायचे. तिनं तेवढे चार दिवस पलीकडं बसून चिंचोके निवडायचे. कुणी काही विचारायचं नाही, बसल्या जागेवरून अख्ख्या शेडाला कळायचं. एखादी सून महिना उलटला तरी चिंचोक्यांकडं गेली नाही, की आम्ही म्हाताऱ्या लगेच बोटं मोजायला लागायचो. "गोड बातमी दिसतीया!" कितीक सासवांना नातू होणार हे आमच्याकडून आधी कळलं. मी आणि केरा मात्र कैक वर्षांत तिकडं फिरकलो नव्हतो. "आपण पास झालो, केरे," असं मी म्हणायचे.

गोष्ट सांगितली त्याच्या तिसऱ्या दिवशी, सांजचं उठायच्या वेळी, केरानं बसायचं गोणपाट उचललं आणि मला त्यावर डाग दिसला. तिनं चटकन गोणपाट उलटं केलं.

"चिंचेचं हाय," ती म्हणाली. मी तर काही विचारलंही नव्हतं.

बाया पांगेपर्यंत मी पदरानं तोंड पुसत उगाच उभी राहिले. मग तिला शेडामागच्या पाण्याच्या टाकीपाशी गाठलं.

"कवापासनं?"

"काय कवापासनं?"

"केरे, माझ्याकडं बघ. चाळीस वरसं चिंच फोडतीया मी. मला चिंचेचा डाग वळखू येत न्हाई व्हय?"

ती टाकीच्या कडेला बसली. नळाच्या तोटीतनं थेंब पडत होता, तो बघत राहिली.

"दिवाळीपासनं."

हा चैत्र होता. मी बोटं मोजली.

"रोज?"

"रोज न्हाई गं. कवा थेंबभर, कवा जरा जास्ती. मधी पंधरा दिवस काहीच न्हाई. आन् दुखत न्हाई. दुखलं असतं तर बोलले असते."

"सात वरसं झाली तुझी बंद हुऊन. दिवाळीपासनं गप बसलीस?"

"मग काय करू? चिंचोक्याकडं जाऊन बसू? नवरा जाऊन वीस वरसं झाली, आन् ह्या वयात मी तिकडं बसले तर कुणाकुणाची तोंडं धरू, हौसे?" मग तिचा आवाज एकदम खाली गेला. "मागल्या आठवड्यात तीन पोती गर काळा पडला का न्हाई? त्यो माझ्यामुळं पडला. इटाळाचा हात लागला. मालकीण बिचारी पत्र्याला दोष देतीया. मी पाच रविवार धरल्यात खंडोबाचं, नुसत्या पाण्यावर."

त्या आठवड्यात अवकाळी पाऊस झाला होता. पत्रा गळत होता आणि पोती सकाळपर्यंत भिजत पडली होती. हे शेडातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आणि ही बाई पाच महिने अंगातनं रक्त जात असताना चिंचेची काळजी करत उपास करत होती. एरवी ह्याच्यावर मी महिनाभर पुरेल अशी गोष्ट रचली असती. त्या दिवशी एवढंच म्हणाले,

"उद्या तालुक्याला जाऊ. बाईडॉक्टरला दावू."

"कशापायी? तूच तर सांगितलंस, येसाबाईचं चांगलंच झालं की."

"ती गोष्ट हुती गं."

"परवा म्हणलीस, देवाशपथ खरी हाय."

"मी सगळ्याच गोष्टीला म्हणती."

"मग आता हे खरं कशावरनं?" ती रागावली नव्हती. खरंच विचारत होती. "हौसे, तुझं खरं कंचं आन् खोटं कंचं, हे तुला तरी ठावं हाय का?"

मला ठाऊक होतं. एकच वाक्य बोलायचं होतं. ते न बोलता मी गळणारी तोटी आवळत राहिले. चाळीस वर्षं मी ते कुणापाशी बोलले नव्हते.

केरा उठली. "कुणापाशी बोललीस तर माझं मेलं तोंड बघशील," म्हणाली आणि डोक्यावर पदर घेऊन चालती झाली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याशेजारी बसली नाही. चार बाया सोडून पलीकडं बसली. त्याच्या पुढच्या दिवशीही तसंच. मी गोष्ट सांगितली नाही. मालकीण म्हणाली, "हौसाबाई, दातखीळ बसली का काय?" मी घसा बसलाय म्हणून सांगितलं. दोन्ही दिवस माझं अर्धं लक्ष तिच्या गोणपाटाकडं होतं. उठताना ती ते चार घड्या करून काखेत मारायची.

तिसऱ्या सकाळी मी शेडात गेले, गराकडं वळले नाही, सरळ चिंचोक्यांच्या बाजूला जाऊन गोणपाट टाकलं आणि बसले.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग रेश्मानं बघितलं. तीही तेव्हा तिकडंच बसलेली होती.

"मावशे, वाट चुकलीस का?"

"न्हाई बाई. बरुबर आलीया."

"म्हंजे?"

"म्हंजे काय? कावळा शिवला मला."

जो काय कल्ला उठला म्हणून सांगू! "अगं बया, येसाबाईचं वारं लागलं हिला!" "दात बघा गं, दात आलं का हिचं!" "हिच्या कारभाऱ्यांना सांगावा धाडा, बाशिंग बांधून बसा म्हणावं!" मालकीण बाहेरनं पळत आली. मी पण पदराआड लाजल्यागत केलं, भुवया उडवल्या. हसवायला लागतंच माणसाला, नाहीतर लोक खरं समजायला लागतात. पण डोळ्याच्या कोपऱ्यातनं मी एकटीकडंच बघत होते. केराच्या हातातली चिंच तशीच होती.

जेवणाच्या सुट्टीत ती भाकरीचं फडकं घेऊन माझ्याजवळ आली. दोन दिवसांनी पहिल्यांदा.

"खरंच?"

"खरंच."

"कवापासनं?"

"परवापासनं. केरे, मला भ्या वाटतंय गं." हे मात्र खोटं नव्हतं. "उद्या सातच्या येष्टीनं तालुक्याला जाती. घरी काय बोलले न्हाई. एकटीचा धीर हुईना. येतीस का?"

तिनं फडक्यातली अर्धी भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवली. स्वतःसाठी ती सात जन्मात गेली नसती. दुसरीसाठी म्हणाली, "येती की. त्यात काय इचारतीस."

येष्टीत तिनं मला खिडकीपाशी बसवलं. वाटेत दोनदा विचारलं, "चक्कर येती का? पाणी देऊ?" दवाखान्याच्या बाकड्यावर माझा हात हातात घेऊन बसली. तिच्या बोटांना चिंचेचा वास येत होता. मला इतकं चोरट्यासारखं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

बाईडॉक्टर रेश्माच्या वयाची पोरगी होती. "बोला आजी, काय होतंय?"

मी खुर्चीवर बसले नाही. मागं वळून केराच्या पदराचं टोक मुठीत धरलं आणि म्हणाले, "बाई, मला काय बी हुईना. हिला बघा. सात वरसं पाळी बंद हुती हिची, आन् दिवाळीपासनं अंगावर जातंय."

केराचा चेहरा असा झाला, जणू मी तिला भर बाजारात उघडं केलं होतं. ती दाराकडं वळली. पदर माझ्या मुठीत.

"सोड, हौसे."

"न्हाई सोडत."

"फशिवलंस मला. तुझ्यावर इस्वास ठिवला मी, आन् हितं बी थापच मारलीस!"

"येसाबाई माझी आई हुती," मी म्हणाले.

ती थांबली.

"माझी आई. मी शेंडेफळ तिचं. लग्नानंतरच्या पयल्या दिवाळीला माहेरी गेले, तर न्हाणीत लुगडं धूत आपल्याशीच हसत हुती. मला म्हणली, 'हौसे, तरणी झाले गं मी परत.' आम्ही दोघी हसून हसून रडलो. कुणालाच काय वाटलं न्हाई. दुखत न्हवतं ना तिला. संक्रांतीला दुखाया लागलं. शिमग्याला उठवंना. केस बी काळं झालं न्हाईत, केरे, दात बी आलं न्हाईत. आखाडात गेली. शेवटी शेवटी खोलीत असा वास असायचा की..." मी तिचा पदर मुठीत आणखी गुंडाळला. मग म्हणाले, "म्हातारा दारात थांबायचा, ते मातुर खरं हाय. आत पाऊल टाकाया धजायचा न्हाई."

डॉक्टर पोरीनं पेन खाली ठेवलं होतं.

"मग इतकी वरसं खोटं का सांगत आलीस?" केरानं विचारलं. आता पदर ओढत नव्हती.

"खोटं कुठं? अर्धी सांगत आले. तेवढ्यात ती हसती ना गं."

केरा खुर्चीवर बसली.

डॉक्टर पोरीनं तिला किती प्रश्न विचारले, ते सगळे मला आठवत नाहीत. पण जे सांगितलं ते जसंच्या तसं आठवतं. म्हणाली, "आजी, पाळी बंद होऊन वर्ष झालं ना, की नंतर जे जातं ती पाळी नसतेच. एक थेंब दिसला तरी दाखवायला यायचं. दुखतंय की नाही ह्याची वाट बघायची नाही. पुष्कळदा साधंच काहीतरी निघतं. पण साधं आहे की नाही, हे तपासल्याशिवाय मलाही सांगता येत नाही."

"पिशवी काढणार का?" केरानं भीत भीत विचारलं. आमच्याकडं बाईला काही झालं की पिशवीच काढतात, हे तिनं बघितलेलं.

"आधी तपासायचं. सोनोग्राफी करू, पिशवीच्या आतल्या अस्तराचा बारीकसा तुकडा घेऊन तपासायला पाठवू. न तपासता कुणी काढा म्हणालं तर ऐकायचं नाही."

केरानं मान हलवली. मग एकदम म्हणाली, "बाई, माझ्या हातानं गर काळा पडला, तीन पोती."

त्या पोरीला काहीच कळेना. मी समजावून सांगितलं. ती हसली नाही, हे मी तिचं जन्मभर विसरणार नाही. म्हणाली, "आजी, रक्त पिशवीतनं येतं, बोटातनं नाही. चिंचेला ओल आली की ती काळी पडते. आणि आता ते उपास बंद करा, अंगात रक्त किती कमी झालंय बघा." तिनं केराची खालची पापणी ओढून मला दाखवली. चुन्यासारखी पांढरी.

निघताना ती आम्हाला म्हणाली, "तुमच्या सुना-पोरींनाही सांगा. आठ दिवसांच्या वर चाललं, तासातासाला कपडा बदलायला लागला, मोठ्या गाठी पडल्या, नाहीतर दोन पाळ्यांच्या मधेच दिसलं, तर अंगावर काढायचं नाही."

केरा वाचली. हे आधीच सांगून टाकते, कारण शेवट लपवायची माझी खोड त्या दिवशी मोडली.

पण सोपं गेलं नाही. दोन आठवड्यांनी रिपोर्ट आला. पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर होता. पिशवीच्या बाहेर पडला नव्हता एवढंच नशीब. डॉक्टर म्हणाली, आणखी गप्प बसला असतात तर हे सांगता आलं नसतं. सोलापूरला ऑपरेशन झालं, मग रेडिएशनचे शेक दिले. केराचा मुलगा सारखा आईच्या खाटेजवळ उभा राहून म्हणायचा, "आई, एका घरात राहतो आपण. मला एका शब्दानं सांगायचं न्हाई?" ती भिंतीकडं तोंड करून पडायची. पोराला असलं काय सांगणार? पण एक दिवस तिनं सांगितलं त्याला, सगळं, गोणपाटापासून. तो बाहेर जाऊन जिन्यात बसला. बऱ्याच वेळानं आत आला आणि तिचे पाय चेपायला लागला.

पुढच्या फाल्गुनात चिंच आली. केरा निम्म्या वजनाची झाली होती, पण आली. माझ्याशेजारी गराकडं बसली. हातोडी उचलायला तिला जड जायची, म्हणून टरफलंच काढत होती. तीनेक आठवडे गेले. मग बायांनीच धोशा लावला.

"हौसामावशे, येसाबाईची सांग की. वरीस झालं ऐकली न्हाई."

मी केराकडं बघितलं. तिनं टरफल खाली टाकलं.

"सांग," म्हणाली. "पर शेवटाकडनं सांग."

मी सांगितली. आखाडापासून सुरू केली आणि मागं मागं येत दिवाळीच्या न्हाणीपर्यंत आले. डॉक्टर पोरगी काय काय म्हणाली तेही सांगितलं. केराचं मी सांगितलं नाही, तिचं तिनंच सांगितलं, ओंजळभर शब्दांत. कुणी हसलं नाही. हातोड्या कधी थांबल्या ते कुणाला कळलं नाही. आमची थोरली तारामावशी, जिला सगळ्या भीत, ती डोळ्याला पदर लावून बसली होती. कुणाची तरी आठवण काढत असणार. प्रत्येकीच्या माहेरात एक येसाबाई असते, फक्त गोष्ट होत नाही तिची.

तेवढ्यात पलीकडनं, चिंचोक्यांच्या ढिगापासनं, रेश्माचा आवाज आला. इतका बारीक, की आधी मला वाटलं ती स्वतःशीच बोलतीय.

"मावशे, मला हितं बसून आज अठरा दिस झालं."

सगळ्यांनी माना वळवल्या. रोज समोर बसत होती पोरगी. तिचा पांढराफटक चेहरा, जिना चढल्यागत लागलेली धाप, सगळं रोज बघत होतो. तिकडं न जाणाऱ्या सुनांचे दिवस आम्ही बोटांवर मोजले होते. तिकडनं परत न आलेलीचे कुणीच मोजले नव्हते.

"घरी बोललीस?" मी विचारलं.

"सासूबाई म्हणल्या, चिंचेत बसतीस, आंबट बाधलं असंल. मोसम सरला की थांबंल."

कुणी काही बोलायच्या आत केरा उठली. एका हातानं भिंतीचा आधार घेत उठली. तिनं आपलं गोणपाट उचललं, शेड ओलांडलं आणि चिंचोक्यांच्या बाजूला रेश्माच्या अगदी शेजारी नेऊन अंथरलं. त्यावर बसली, मूठभर चिंचोके पुढ्यात ओढले.

"सातची येष्टी असती," ती म्हणाली. "मला वाट ठावी हाय."